गाव शोधताना नातं सापडलं: मॉरिशसच्या एका मराठी घरातली डीएनए चाचणी

हे प्रकरण मॉरिशसमधल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांच्या आणि मेलबर्नमधल्या दुसऱ्या एका कुटुंबाच्या संमतीने ते लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, काही बदलले आहेत. ज्या एका वडीलधाऱ्या माणसाला यातलं काही ऐकायचं नव्हतं, ते आता हयात नाहीत. ते असते तर हे लिहिलं नसतं. कोकणातल्या बाजूचा शोध माझ्याकडे होता, त्यामुळे बरेचसे निर्णय होताना मी त्या बोलण्यात होतो.

पार्श्वभूमी

१८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे, आणि त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडचे पुष्कळ. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. तिथल्या शाळांत मराठी शिकवलं जातं आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते.

या घरातल्या एक शिक्षिका मला पत्राने भेटल्या. वय पन्नाशीच्या पुढे, मराठी नीट बोलणाऱ्या. त्यांचे खापरपणजोबा १८६० च्या दशकात मुंबईहून गेले. घरात तीन गोष्टी चालत आल्या होत्या: त्यांचं नाव, ‘रत्नागिरी’ हा शब्द आणि रवळनाथ हे दैवत.

आडनाव मात्र हाताशी नव्हतं. मजुराची नोंद त्याच्या नावाने आणि बापाच्या नावाने व्हायची, आणि पुढच्या पिढीत कुणाच्या तरी नावाचंच आडनाव होऊन बसायचं. त्यामुळे तिथल्या कित्येक मराठी घरांची आडनावं म्हणजे कुणा आजोबा-पणजोबांची नावं आहेत. कोकणात गाव शोधताना आपण आडनाव, गाव, कुलदैवत अशी सांगड घालतो. इथे पहिला धागाच तुटलेला. ‘रत्नागिरी’वरही विसंबता येत नव्हतं. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होण्याआधी मालवण, देवगड, वेंगुर्ले हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होतं. रवळनाथामुळे शोध दक्षिणेकडे झुकत होता, पण त्या पट्ट्यात रवळनाथाची देवळं गावोगाव आहेत.

काय करता आलं असतं

शिक्षिकांचा प्रश्न सरळ होता: आमचं गाव कुठलं? त्यांच्या भाचीने सवलतीत डीएनए चाचणीचे दोन संच मागवले होते आणि नळीत लाळ भरून पाठवली की गाव समजेल असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

घरगुती चाचणीत लाळेतल्या डीएनएवरची साधारण सहा-सात लाख ठिकाणं वाचतात आणि कंपनीकडे आधीपासून असलेल्या लोकांशी ताडून बघतात. जुळलेला भाग सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. आईबाप आणि मूल यांच्यात साडेतीन हजारांच्या आसपास जुळतं, सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी ८६६, त्यांच्या मुलांमुलांत सरासरी २२९. म्हणजे जो माणूस त्या यादीत आहे त्याच्याशीच नातं कळणार. मालवण तालुक्यातल्या एखाद्या वाडीतल्या कुणी नळीत लाळ भरून अमेरिकेला धाडलेली नसते. टक्केवारीचा जो रंगीत नकाशा मिळतो तो फार तर भारताचा पश्चिम किंवा दक्षिण भाग दाखवतो. गाव दाखवत नाही.

दुसरा मार्ग होता वाय गुणसूत्राच्या चाचणीचा. बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जाणारं हे गुणसूत्र आहे, त्यामुळे शिक्षिकांचा भाऊ आणि गावातल्या भाऊबंदकीतला एखादा पुरुष यांची तुलना करता येते. पण त्यासाठी आधी गावाचा अंदाज हवा.

तिसरा मार्ग कागदांचा. मॉरिशसला उतरलेल्या प्रत्येक मजुराला क्रमांक मिळे आणि त्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज हे सगळं त्यांत सापडू शकतं. वंशजांनी पिढ्यांची जन्म-लग्नाची कागदपत्रं जोडत नेली की नोंदीपर्यंत पोचता येतं.

माझं मत स्पष्ट होतं: आधी मोका, मग लागली तर नळी. पण संच घरात येऊन पडले होते आणि आत्या, म्हणजे शिक्षिकांच्या वडिलांची धाकटी बहीण, ऐंशी ओलांडलेल्या. जुन्या पिढीतल्या माणसाचा नमुना एक पिढी जवळचा असतो, तो पुढे मिळेलच असं नाही. हा मुद्दा योग्य होता. शिक्षिकांनी एक नळी स्वतः भरली, दुसरी आत्यांनी. आत्यांना सांगितलं गेलं ते इतकंच: आपलं गाव सापडेल.

कागदांनी दिलेलं उत्तर

नोंदवहीत त्या नावाचे दोघे निघाले. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले, वयात थोडाच फरक. कुठला आपला हे खापरपणजोबांच्या लग्नाच्या दाखल्यातून ठरलं, कारण त्यात मजूर क्रमांक लिहिलेला होता. तालुका मालवण. गावाचं नाव मात्र इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं, ते आजच्या दोन गावांशी जुळवता येत होतं.

डीएनएच्या यादीने इथे काहीच मदत केली नाही. जुळलेले लोक होते मॉरिशस, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणचे. कोकणातला एकही नाही. शिवाय लहान लहान जुळण्या फसव्या होत्या. शतकानुशतकं लग्नं जातीत आणि आसपासच्या गावांत होत आली, काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत, आणि बेटावर पुन्हा त्याच मोजक्या घरांत सोयरिकी. अशा वेळी चौथ्या-पाचव्या पिढीतलं नातंसुद्धा आकड्यात तिसऱ्या पिढीचं दिसतं. परदेशी लोकांसाठी बनवलेले तक्ते आपल्या घरांना जसेच्या तसे लावले तर चूक ठरलेली. मराठी माणसाने ही चाचणी करताना एवढी एक गोष्ट तरी मनात पक्की धरावी.

मेलबर्नहून आलेला निरोप

निकाल येऊन काही आठवडे झाल्यावर आत्यांच्या खात्यावर निरोप आला. पाठवणारी तरुण होती, आजीसाठी लिहीत होती. आजी मॉरिशसमध्ये जन्मलेल्या, कॅथलिक क्रिओल (मॉरिशसमधला मुख्यतः आफ्रिकी-मादागास्करी वंशाचा समाज) कुटुंबातल्या, मॉरिशस स्वतंत्र झाल्यावर ऑस्ट्रेलियात गेलेल्या. त्यांच्या आईचा जन्म १९१८ च्या सुमाराचा, आणि त्या जन्मनोंदीत वडिलांचं नाव नाही. आत्यांशी त्यांचे ४३१ सेंटिमॉर्गन जुळत होते, शिक्षिकांशी २०८. ‘माझी आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिला आपले आजोबा कोण एवढंच कळायला हवं आहे,’ असं तिने लिहिलं होतं.

४३१ हा आकडा झटकून टाकण्यासारखा नाही. वर सांगितलेला गुंता इथे लागू होत नव्हता, कारण या बाईंची दुसरी बाजू आफ्रिकी आणि मादागास्करी वंशाची. भारतीय भाग आला तो एकाच वाटेने. त्या बाईंची आजी आणि शिक्षिकांचं घर एकाच मळ्यावर राहत होते, हेही कागदांत सापडलं.

मग कोण? आत्यांचे वडील तेव्हा दहा वर्षांचे. शिक्षिकांच्या पणजोबांना, म्हणजे आत्यांच्या आजोबांना, भाऊ नव्हता. उरले दोघे: स्वतः पणजोबा, वय पंचेचाळीसच्या आसपास, आणि त्यांचा थोरला मुलगा, वय एकवीस. पणजोबा असतील तर मेलबर्नच्या बाई आत्यांच्या सावत्र चुलत बहीण, सरासरी ४४९. थोरला मुलगा असेल तर चुलत बहिणीची मुलगी, सरासरी ४३३. आकड्यावरून निवाडा शक्यच नव्हता.

आणि हा थोरला मुलगा म्हणजे त्या गावात मराठी शाळेसाठी घरोघर हिंडून वर्गणी जमवणारा, गणपती सार्वजनिक करणारा माणूस. त्यांचे चिरंजीव, ज्यांना सगळे काका म्हणत, नव्वदीत होते.

पहिला निर्णय: आत्यांना सांगायचं का?

भाचीचं म्हणणं होतं की निरोपाला उत्तरच देऊ नये. शिक्षिकांना वाटत होतं, आपण परस्पर मदत करू, म्हातारपणी आत्यांच्या डोक्याला ताप नको. मी दोन्हीला विरोध केला. लाळ आत्यांची, खातं आत्यांच्या नावाचं, निरोप आत्यांना आलेला. त्यांच्या शरीरातून निघालेली माहिती त्यांच्यापासून लपवून दुसऱ्याला देणं हे कुठल्याही हेतूने केलं तरी अन्यायच.

शिक्षिकांनी सांगितलं. आत्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग विचारलं, ‘त्या बाईची आई आहे का अजून?’ नाही म्हटल्यावर म्हणाल्या, ‘मग तिच्या मुलीला तरी उत्तर द्या.’ ज्यांना जपायचं म्हणून दोन पिढ्या काळजी करत होत्या, त्यांनीच सर्वांत सरळ निर्णय दिला.

दुसरा निर्णय: काकांची नळी

काकांनी चाचणी केली असती तर उत्तर तिथल्या तिथे मिळालं असतं. थोरला मुलगाच आजोबा असेल तर काका मेलबर्नच्या बाईंचे सावत्र मामा, जुळणी सरासरी ८७१. पणजोबा असतील तर सुमारे निम्मी. एका नळीचं काम.

इथे एक पर्याय पुढे आला आणि तो मला मुळीच पटला नाही: काकांनाही ‘गाव शोधतोय’ असं सांगून लाळ घ्यावी. आत्यांच्या बाबतीत अनवधानाने झालं तेच आता जाणूनबुजून करायचं. शिक्षिकांनीही नकार दिला. त्या आणि आत्या काकांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं.

काका नाही म्हणाले. चिडले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की वडिलांना जाऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली, ते उत्तर द्यायला येऊ शकत नाहीत, मग त्यांच्यावर खटला चालवायला मी माझं रक्त देणार नाही. ‘तुम्ही शोधा. पण मी विचारल्याशिवाय मला सांगू नका.’

तिसरा निर्णय: काकांना वळसा घालून

मला या प्रकरणात सर्वांत अवघड वाटलेली जागा हीच. काकांशिवाय उत्तर मिळण्याची वाट होती. पणजींच्या माहेरच्या लोकांकडून. थोरला मुलगा आजोबा असेल तर मेलबर्नच्या बाई पणजींच्याही वंशातल्या होतात, म्हणजे पणजींच्या भावाच्या नातवंडांशी त्यांचं काहीतरी जुळायलाच हवं, सरासरी १२२. पणजोबाच असतील तर पणजींच्या माहेराशी त्यांचा संबंधच नाही.

हे करावं का? एका बाजूला काकांचा नकार. दुसऱ्या बाजूला एक म्हातारी बाई, जिच्या आईने आयुष्यभर जन्मनोंदीतला तो रिकामा रकाना सोसला. कुणाच्या तरी अब्रूसाठी तिने अजून थांबायचं, आणि ती अब्रू ज्या पुरुषाची, त्याने मात्र कधीच काही सोसलेलं नाही. माझं मन तिच्या बाजूचं होतं आणि आजही आहे. पण काकांनी स्वतःचं रक्त नाकारलं होतं, शोध नाकारला नव्हता. ‘तुम्ही शोधा’ हे त्यांचेच शब्द. शेवटी आत्यांनी काकांना पुन्हा सांगितलं की आम्ही दुसऱ्या बाजूने बघतो आहोत. ते बरं म्हणाले.

पणजींच्या माहेरच्या दोघांनी, सगळं ऐकून घेऊन, चाचणी केली. मेलबर्नच्या बाईंशी एकाचे ११२ आणि दुसऱ्याचे १४० सेंटिमॉर्गन जुळले. दोन्हीकडे सलग मोठे तुकडे होते. जातीतल्या दूरच्या सोयरिकींतून येतात तसे नुसते बारीक कण नव्हते. कौल थोरल्या मुलाकडे गेला.

पुढे काय झालं

मेलबर्नच्या बाईंना नाव कळवलं, एक फोटो पाठवला. काका हयात आहेत तोवर त्यांना लिहू नये, फोन करू नये, ही विनंती केली. त्यांनी ती पाळली. हे मागणं किती मोठं होतं याची मला जाणीव आहे: जवळच्या नात्यातला एकुलता एक जिवंत मामा, आणि त्याच्याशी बोलायचं नाही.

काकांनी कधीच विचारलं नाही. सुमारे दीड वर्षाने ते गेले.

त्यानंतर इंग्लंडमधल्या त्यांच्या मुलीला सांगितलं गेलं आणि ती दुखावली. मेलबर्नच्या बाई आपल्या आतेबहीण लागतात म्हणून नाही. तिची तक्रार होती की काकांचा निर्णय तुम्ही मला आणि माझ्या भावंडांनाही लावलात, आम्हाला कुणी विचारलंच नाही. तिने स्वतःहून चाचणी करून घेतली. जुळणी निघाली ५१२. पणजोबाच आजोबा ही शक्यता धरली तर इतका आकडा बसत नाही, त्यामुळे जो काही संशय शिल्लक होता तो मिटला. तिचं आणि मेलबर्नच्या बाईंचं आता बोलणं होतं. शिक्षिकांशी मात्र ती अजून तुटकच वागते.

आणि गाव?

मालवण तालुक्यातल्या त्या दोन गावांपैकी एका गावच्या वाडीत मी गेलो. खापरपणजोबांच्या बापाचं नाव जुन्या कागदांत सापडतं, पण ते नाव इतकं सामान्य की एवढ्यावर काही ठरत नाही. तिथल्या एका वयस्क गृहस्थांना वाय चाचणीबद्दल समजावलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘ह्याच्यातून सातबाऱ्यावर कोण हक्क सांगूक येतलो काय?’

हसण्यासारखा प्रश्न नाही तो. कोकणात एकेका सातबाऱ्यावर डझनावारी नावं असतात आणि मुंबईच्या चुलत्यांची सही मिळत नाही म्हणून घरं कोसळून जातात. सातासमुद्रापलीकडून भाऊबंद येतो म्हटल्यावर माणूस बिचकणारच. मॉरिशसच्या कुटुंबाला जमीन नको आहे हे मी सांगितलं, पण त्यांच्या वतीने वचन देण्याचा अधिकार मला नव्हता. नमुना घेतला नाही. शिक्षिका स्वतः येणार आहेत, देवळात जाऊन गावकऱ्यांशी बोलणार आहेत, आणि मग कुणी आपणहून तयार झालं तर पुढचं.

काय वेगळं करता आलं असतं

कागद आधी व्हायला हवे होते. गावाच्या प्रश्नाला जे काही उत्तर मिळालं ते मोका इथल्या नोंदवहीतून. नळ्या घाईने भरल्या नसत्या तरी तिथवर पोचताच आलं असतं. आत्यांच्या वयाचा मुद्दा खरा होता, पण त्यासाठी नमुना लगेच घेऊन नातेवाईक दाखवण्याची सोय बंद ठेवता आली असती. बहुतेक कंपन्यांच्या खात्यात ती मुभा असते आणि कुणी वापरत नाही.

आत्यांना नळी देण्याआधी तीन गोष्टी सांगायला हव्या होत्या: अनोळखी नातेवाईक निघू शकतात, घरात ज्याला बाप किंवा आजोबा म्हणतो त्यांच्याबद्दल वेगळंच काही कळू शकतं, आणि एकाने चाचणी केली की भावंडं-चुलत भावंडं न विचारता त्यात ओढली जातात. शिक्षिका आता दुसऱ्या कुटुंबांना मदत करतात तेव्हा हे तीन मुद्दे मराठीत आणि तिथल्या क्रिओल भाषेत लिहिलेला कागद आधी वाचून दाखवतात. ‘अप्रिय काही निघालं तर मला सांगा / सांगू नका / मी विचारलं तर सांगा’ यांपैकी एकावर खूण करून घेतात.

काकांच्या मुलीची तक्रार मला रास्त वाटते, तरी काकांना शब्द दिल्यावर तिला आधी सांगणं कसं जमलं असतं हे मला अजूनही दिसत नाही. एवढं मात्र करता आलं असतं: काकांनाच विचारायचं होतं, ‘तुमच्या माघारी मुलांना सांगितलं तर चालेल का, आणि ते तुम्ही त्यांना आत्ताच कळवाल का?’ तो प्रश्न कुणाच्या मनात आला नाही.

माहितीच्या सुरक्षिततेचा विचारही उशिरा झाला. २०२३ साली ट्वेंटी-थ्री अँड मी या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तेव्हा अनेकांना आपली लाळ कुणाच्या मालकीची होणार असा प्रश्न पडला. या कुटुंबाची कंपनी वेगळी होती. तरी ती बातमी वाचल्यावर आत्यांनी स्वतःचा नमुना नष्ट करायला लावला आणि निकालाची प्रत भाचीकडे ठेवली. खातं मात्र चालू ठेवायला सांगितलं, मेलबर्नहून निरोप येतात म्हणून.